जंजिरा : बेटाचे नाव आणि किनाऱ्याचे राज्य

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातील गाव समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे मैल आत आहे. देशावरच्या अशा गावी 'बेट' हा शब्द उच्चारला असता पाण्याने वेढलेली भूमी डोळ्यांपुढे उभी राहीलच असे नाही. बांबूचे बेट, गवताचे बेट, म्हणजे एका जागी दाटीने उगवलेला पुंजका, हाच अर्थ तेथे अधिक परिचयाचा. कोकणकिनाऱ्यावर मात्र बेटाला राजकीय अर्थ होता, आणि तो अर्थ वाहण्यासाठी मराठीने एक निराळाच शब्द जवळ केला : 'जंजिरा'. या शब्दाचा प्रवास आणि ज्या छोट्या राज्याला त्याने नाव दिले त्या राज्याचा प्रवास हे एकमेकांवर प्रकाश टाकतात. तीनशेहून अधिक वर्षे टिकलेली ही सत्ता कोणत्या शासनव्यवस्थेवर, कोणत्या उत्पन्नावर आणि कोणत्या सोयींवर उभी होती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शब्द आणि भूमी

'जंजिरा' हे अरबी 'जझीरा' या शब्दाचे मराठी रूप होय. मूळ अर्थ केवळ 'बेट' एवढाच. त्याचे अरबी अनेकवचन 'जझाइर' हे उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया या देशनामात आजही दिसते. मराठीत येताना या शब्दात अनुस्वार शिरला. 'जंजीर', म्हणजे साखळी, या परिचित फारसी शब्दाच्या ध्वनीचे आकर्षण त्यामागे असणे संभवनीय आहे. ध्वनीपेक्षाही अर्थातील बदल अधिक लक्षणीय म्हटला पाहिजे. मराठ्यांच्या कागदपत्रांत 'जंजिरे सिंधुदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग', 'जंजिरे कुलाबा' असे उल्लेख वारंवार येतात. येथे हा शब्द विशेषनाम नसून सामान्यनाम आहे, आणि त्याचा अर्थही निव्वळ बेट असा न राहता समुद्रातील तटबंदीचे ठाणे असा झाला आहे. आज जमिनीला जोडलेल्या विजयदुर्गासही तो लागतो, यावरून भूगोलापेक्षा तटबंदीलाच त्यात प्राधान्य मिळाले हे स्पष्ट होते.

पुढे या अनेक जंजिऱ्यांपैकी एकच जंजिरा 'जंजिरा' म्हणून उरला. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, मुरूडच्या दक्षिणेस असलेला हा दुर्ग आहे. त्याचे क्षेत्र अवघे बावीस एकरांच्या आसपास. परंतु याच नावाने ओळखले जाणारे संस्थान विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे ३२४ चौरस मैलांचे होते. उत्तरेस कुंडलिकेची म्हणजे रोह्याची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, आणि मध्यभागी त्या प्रदेशाचे दोन भाग करणारी राजपुरीची खाडी, अशी त्याची सीमा होती. म्हणजे ज्या राज्याला 'बेट' असे नाव, त्याचा जवळजवळ सारा विस्तार मुख्य भूमीवर होता. नाव आणि वस्तू यांतील ही विसंगती हीच या संस्थानाच्या इतिहासाची किल्ली होय.

सरदारांचे शासन

या बेटावर प्रथम कोळ्यांचा मेढेकोट होता आणि राम पाटील हा त्यांचा नायक होता, अशी परंपरा आहे. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीने हे ठाणे घेतले आणि सोळाव्या शतकात तेथे दगडी कोट उभा राहिला. निजामशाहीच्या चाकरीत असलेल्या हबशी सरदारांकडे या ठाण्याचा अधिकार आला. 'हबशी' हा शब्द हबश म्हणजे अबिसीनिया या देशनामावरून आलेला, तर 'सिद्दी' हा अरबी 'सय्यदी', म्हणजे 'माझे स्वामी', यावरून आला असे सामान्यतः मानतात. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांना सन्मानवाचक संबोधनच जातिवाचक नाव म्हणून लाभावे, हा दख्खनच्या सामाजिक इतिहासातील बोलका प्रकार आहे.

हा इतिहास धाराशिवच्या वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला ज्या परंड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले, तो किल्ला याच जिल्ह्यात आहे. परंड्याची राजधानी आणि राजपुरीचा कोट ही एकाच राज्यव्यवस्थेची दोन टोके होती, आणि दोन्हीकडे हबशी सरदारांचा वरचष्मा होता. एक टोक १६३६ मध्ये निजामशाहीबरोबर संपले, दुसरे टिकले. का टिकले, हा प्रश्न येथून सुरू होतो.

पहिले कारण शासनाच्या स्वरूपात आहे. जंजिऱ्याची सत्ता आरंभी वंशपरंपरागत नव्हती. आरमाराचे नेतृत्व करण्यास जो समर्थ, त्याला सिद्दी सरदारांच्या संमतीने प्रमुखपद मिळे. बापामागून मुलगाच येईल असे नसे. याचा परिणाम शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या वेळी प्रकर्षाने दिसून आला. १६७० च्या सुमारास वेढ्याने जेरीस आलेला फत्तेखान बेट देऊन टाकण्यास तयार झाला, तेव्हा सिद्दी संबूल, कासीम आणि खैर्यत या सरदारांनी त्यालाच दूर सारले आणि आदिलशाहीशी असलेला संबंध तोडून मोगलांचा आश्रय घेतला. वंशाधिष्ठित राज्यात राजा शरण गेला की राज्य जाते. येथे प्रमुख शरण जाऊ लागताच सरदारांनी प्रमुख बदलला. 'अजिंक्य' या विशेषणात तटाच्या उंचीचे जेवढे श्रेय आहे, तेवढेच या व्यवस्थेचेही आहे. मात्र अशा शासनात कलहालाही कायमचे स्थान असते, आणि पुढील दोन शतकांत वारशाचे तंटे जंजिऱ्याच्या पाठीस लागले ते याच कारणाने.

समुद्राचे उत्पन्न

बावीस एकरांच्या खडकावर धान्य पिकत नाही. किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि तेवढीच निसर्गाची देणगी. अन्न, लाकूड, दारूगोळा आणि सैनिकांचा पगार हे सर्व बाहेरून यावयाचे. म्हणून अशा ठाण्याचा अर्थव्यवहार दोन गोष्टींवर अवलंबून असतो : समोरच्या किनाऱ्यावरील वसूल, आणि जवळून जाणाऱ्या जहाजांवरील अधिकार.

या दुसऱ्या बाबतीत सिद्दीची स्थिती विशेष होती. मोगलांची पश्चिम समुद्रावरील भिस्त सुरत बंदरावर होती. मक्केच्या यात्रेची जहाजे तेथूनच सुटत. परंतु मोगलांजवळ स्वतःचे समर्थ आरमार नव्हते. ती उणीव सिद्दीने भरून काढली आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेच्या महसुलातून आरमाराच्या खर्चासाठी नेमणूक मिळविली. प्रमुखाला 'याकूतखान' हा किताब मिळाला, तोही याच संबंधातून. म्हणजे बेटाची संरक्षणव्यवस्था बेटाच्या उत्पन्नावर चाललेली नसून एका मोठ्या साम्राज्याच्या खजिन्यावर चाललेली होती. आरमाराला पावसाळ्यात आसऱ्याचे बंदर लागे. त्यासाठी १६७२ नंतर कित्येक वर्षे सिद्दीची जहाजे मुंबईच्या बंदरात येऊन राहत आणि कंपनी सरकारला नको असलेले हे पाहुणे टाळता येत नसत. १६८९–९० मध्ये तर याकूतखानाने मुंबई बेटावरच फौज उतरवून इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवले होते.

जलठाण्याचे हे परावलंबन मराठ्यांच्या बाजूनेही तितकेच खरे होते. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी मुरूडसमोर कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधविला. त्या दुर्गास नक्त व धान्याचा पुरवठा वेळेवर न केल्याबद्दल प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी १६७५ च्या जानेवारीत कडक शब्दांत पत्र लिहिले. हे पत्र त्यातील रोषासाठी प्रसिद्ध आहे. परंतु अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाला त्यातून दिसते ते वेगळेच. समुद्रातील किल्ला बांधणे ही एक गोष्ट, आणि त्याला महिनोन्महिने पोसणे ही दुसरी. पद्मदुर्गाच्या मागे सुभ्याचा पुरवठा उभा राहिला पाहिजे. तो हुकला की तट कितीही भक्कम असला तरी व्यर्थ. संभाजी महाराजांनी १६८१–८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव टाकण्याचा जो उद्योग केला, त्याचाही आशय हाच की बेटाचे बेटपण नाहीसे केल्यावाचून ते हाती येणार नाही. मोगल फौजांच्या हालचालींमुळे ते काम अर्धवट राहिले.

या काळातील समुद्रव्यवहाराची परिभाषा मराठीत बऱ्याच अंशी अरबी-फारसीतून आलेली आहे. 'बंदर', 'जकात', 'दस्तक' हे शब्द व्यापाराचे. 'गुराब' हे युद्धनौकेचे नाव अरबी 'घुराब', म्हणजे कावळा, यावरून आलेले. उलट, किनाऱ्यावरच्या जमिनीचे 'आगर', 'खाजण' हे शब्द स्थानिक. परिभाषेची ही विभागणी राज्याच्या विभागणीशी जुळते : समुद्रावरील अधिकाराचे शब्द दूरच्या बंदरांतून आले, पोटाला घालणाऱ्या जमिनीचे शब्द तेथल्या तेथे राहिले.

दुअमल

किनाऱ्यावरच्या रयतेच्या दृष्टीने या संघर्षाचा अर्थ काय होता, हे एका शब्दात सामावलेले आहे. तो शब्द 'दुअमल'. अरबी 'अमल', म्हणजे अंमल, याला 'दोन' या अर्थाचा 'दु' जोडून तो झाला. एकाच गावावर सिद्दी आणि मराठे या दोघांचा हक्क आणि दोघांचाही वसूल, अशी ही स्थिती होय.

पेशव्यांनी १७३३ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम उघडली. रायगड परत मिळाला, पण बेट मिळाले नाही. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी अप्पाने रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात याला ठार केले आणि त्यानंतर झालेल्या तहान्वये सिद्दीच्या मुलखातील अकरा महालांचे उत्पन्न दोन्ही सत्तांनी वाटून घ्यावे असे ठरले. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने ही तडजोड यशस्वी म्हणता येईल. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ एका शेतावर दोन धनी असा झाला. सीमा निश्चित असलेल्या राज्यात जुलूम झाला तर शेजारच्या राज्यात पळून जाण्याचा मार्ग रयतेला असतो; दुअमलात शेजारचे राज्य आपल्याच शिवारात आलेले असते. अशा मुलखातून माणसे घाटावर निघून गेली यात नवल नाही. ज्या भट घराण्यातून पुढे पेशवे झाले, ते श्रीवर्धनचे घराणेही सिद्दीच्या मुलखातूनच देशावर आले होते. ज्या छोट्या राज्याने बाळाजी विश्वनाथाला आपल्या हद्दीत राहू दिले नाही, त्याच्याविरुद्धची मोहीम त्याच्याच मुलाने चालवावी, हा योगायोग केवळ घराण्याच्या वैराचा नव्हता. किनाऱ्याची जमीन कोणाची, या प्रश्नाचा तो पुढचा अध्याय होता.

१७९१ मध्ये पेशव्यांनी आणखी एक मार्ग चोखाळला. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या बाळू मिया याला सुरतेजवळ मुलूख देण्यात आला आणि त्याच्या बदल्यात त्याने जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांना लिहून दिला. यातून सचीन हे निराळे संस्थान निर्माण झाले. पण जंजिरा पेशव्यांच्या हाती आला नाही. कागदावरचा हक्क आणि बेटावरचा ताबा यांतील अंतर पुन्हा एकवार सिद्ध झाले.

बेटावरून किनाऱ्यावर

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि समुद्रावर इंग्रजांचे निर्विवाद स्वामित्व प्रस्थापित झाले. जंजिऱ्याला यापुढे शत्रू उरला नाही. पण त्याबरोबरच त्याच्या अस्तित्वाचे जुने प्रयोजनही उरले नाही. ज्या जहाजांचे रक्षण करावयाचे ती आता दुसऱ्याच्या निशाणाखाली जात होती, आणि ज्या साम्राज्याकडून नेमणूक यावयाची ते नाममात्र झाले होते. १८३४ मध्ये इंग्रजांनी आपले सार्वभौमत्व जाहीर केले आणि हिणकस नाणी पाडणारी जंजिऱ्याची टांकसाळ बंद केली. बेंबळी ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याचा 'हाली सिक्का' १९४८ नंतरही काही वर्षे चलनात होता. दोन्ही संस्थाने इंग्रजांची अंकित; तरी एकाला स्वतःचे नाणे शतकाहून अधिक काळ राखता आले आणि दुसऱ्याला ते राखता आले नाही. संस्थानाचा आकार हा सार्वभौमत्वाच्या मोजमापात कसा उतरतो, याचे हे एक साधे उदाहरण होय.

शासनातही मूलगामी बदल झाला. नबाब आणि सरदार यांच्यातील कलह १८७० च्या सुमारास विकोपास गेला, तेव्हा इंग्रजांनी मध्ये पडून नबाब सिद्दी इब्राहिमखान याला अटींवर गादीवर कायम केले. फौजदारी अधिकारांवरही नियंत्रण आले. १८७९ मध्ये तो मरण पावल्यावर त्याचा अल्पवयीन मुलगा सिद्दी अहमदखान याला मान्यता मिळाली. जो अधिकार पूर्वी समर्थ आरमारप्रमुखाला सरदारांच्या संमतीने मिळे, तो आता एका बालकाला वंशपरंपरेने आणि कुलाब्याच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली मिळाला. सरदारांचे मंडळ संपले, आणि दिवाण, मामलेदार, महाल अशी नेहमीची संस्थानी यंत्रणा आली. मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा हे तीन महाल किनाऱ्यावर आणि चौथा प्रदेश जाफराबाद हा दूर काठेवाडात, अशी त्याची रचना होती.

उत्पन्नही आता पूर्णतः जमिनीवर आले. सारा, अबकारी, जंगल आणि बंदरावरील जकात हे त्याचे मुख्य स्रोत. खलाट्यांत भात, डोंगरउतारावर नाचणी व वरी, किनाऱ्याच्या आगरांत नारळ व सुपारी, जंगलात साग, आणि समुद्रात मासेमारी, असा हा अर्थव्यवहार शेजारच्या इंग्रजी मुलखाहून फारसा निराळा नव्हता. श्रीवर्धनची रोठा सुपारी तेवढी दूरवर नाव मिळवून होती. १९०१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या सुमारे ८५ हजार भरली. त्यांपैकी किल्ल्यावर राहणारे मूठभरच. राजधानीचा सारा व्यवहार मुरूडला आला. नबाबाचा राजवाडाही बेटाकडे दृष्टी ठेवून, पण बेटाबाहेर, मुरूडच्या टेकडीवर बांधला गेला. शाळा, दवाखाना, बाजार, गारंबीच्या धरणाचे नळाचे पाणी, या सर्व नव्या सोयी किनाऱ्यावरच झाल्या. किल्ल्यातील तलाव होते तसे राहिले.

दळणवळणाच्या बाबतीत मात्र समुद्राचे महत्त्व एका नव्या रूपात टिकले. संस्थानात रेल्वे कधीच आली नाही. खाड्यांनी चिरलेल्या या किनाऱ्यावर उत्तर-दक्षिण सलग रस्ता काढणे कठीण. म्हणून मुंबईशी संबंध राहिला तो पडाव, मचवे आणि पुढे आगबोटी यांच्या द्वारा. तोही पावसाळ्याचे चार महिने तुटे. देशावर याच सुमारास बार्शीची छोटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू होऊन १९११ पर्यंत लातूरला पोहोचली आणि इंग्रजी व मोगलाई मुलखाच्या सीमा ओलांडून तिने कापूस व धान्य यांच्या बाजारपेठा जोडल्या. सीमा ओलांडणारा मार्ग हा छोट्या प्रदेशाच्या अर्थजीवनाचा प्राण असतो. जंजिऱ्याजवळ असा मार्ग एकच होता, आणि त्याचे वेळापत्रक मुंबईत ठरे.

विलीनीकरण आणि नंतर

१९४७ नंतर छोट्या संस्थानांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा जंजिऱ्याच्या तिन्ही महालांत लोकमत प्रबळ झाले होते. मोहन धारिया यांनी 'लोकसेना' उभारून संस्थानच्या मुक्तीसाठी चळवळ केली. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर अनेक संस्थानांबरोबर जंजिरा मुंबई राज्यात विलीन झाले. बेंबळीचा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचा प्रश्न सुटण्यास सप्टेंबर उजाडला आणि लष्करी कारवाई करावी लागली. तीन शतके तोफांना न जुमानणारे ठाणे एका सहीने संपले. यात विरोधाभास दिसतो, परंतु वरील विवेचनावरून तो नाहीसा व्हावा. जे १९४८ मध्ये संपले ते किनाऱ्यावरचे संस्थान होते. आरमारी बेटाची सत्ता त्याआधी शंभर वर्षे संपलेली होती.

आज मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हे रायगड जिल्ह्याचे तालुके आहेत. जाफराबाद गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून त्यावर वस्ती नाही. प्रवासी राजपुरीहून शिडाच्या होडीने तेथे जातात आणि कलाल बांगडी तोफ पाहून परततात. खाडीच्या आगरदांडा व दिघी या दोन काठांमध्ये वाहने नेणारी तर चालते. म्हणजे संस्थानाचे दोन भाग करणारी ती खाडी आजही प्रवासाचा विचार करणाऱ्याला प्रथम लक्षात घ्यावी लागते.

निष्कर्ष

जंजिऱ्याचा विचार बहुधा एका विशेषणाने संपतो : अजिंक्य. हे विशेषण खोटे नाही. पण ते तटाचे वर्णन करते, राज्याचे करीत नाही. राज्य टिकले ते तीन आधारांवर : प्रमुख बदलू शकणारे सरदारांचे शासन, बाहेरच्या साम्राज्याने दिलेले आरमाराचे वेतन, आणि किनाऱ्यावरच्या रयतेकडून, कित्येकदा दुहेरी, घेतलेला वसूल. यांपैकी पहिले दोन आधार एकोणिसाव्या शतकात गेले; तिसरा राहिला, आणि त्याच्याबरोबर राजधानीही खडकावरून मातीवर आली. 'जंजिरा' या शब्दानेही हाच मार्ग आक्रमिला. अरबीत तो बेट होता, मराठ्यांच्या दप्तरात तो कोट झाला, आणि अखेर तो भाताच्या खलाट्यांनी व सुपारीच्या आगरांनी भरलेल्या एका मुलखाचे नाव झाला. छोट्या बेटाच्या सत्तेचा अभ्यास करताना तटाकडे पाहण्यापूर्वी समोरच्या किनाऱ्याकडे पाहावे, कारण तटाची किंमत त्या किनाऱ्याने दिलेली असते.